कमी दाबाची सुकेळी

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर उन्हाळ्यात एक सूचना हमखास लागते : 'उद्या पाणीपुरवठा कमी दाबाने होईल.' ती लागली की पहिल्या मजल्यावरच्या सावंतबाई मला जिन्यात गाठतात आणि म्हणतात, "काय हो, तुम्ही रिटायर झालात तरी तुमचं खातं काही सुधारत नाही." पहिल्यांदा मला वाटलं, चेष्टा करताहेत. मग लक्षात आलं की बाईंची खरोखरच तशी समजूत आहे. टीव्हीवरचा कमी दाबाचा पट्टा आणि आमच्या वसईतल्या नळाची करंगळीएवढी धार, दोन्हींचा उगम एकच. मी एकदा त्यांना उभ्या उभ्या सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे दाब दोन्हीकडे कमीच ना?" मी पिशवी उचलली आणि वर आले.

या एका शब्दाबरोबर मी जन्मभर संसार केला. हवामान खात्यात निरीक्षक म्हणून चिकटले, नकाशे काढता काढता अंदाज देणाऱ्यांच्या टेबलापर्यंत पोचले आणि तिथूनच निवृत्त झाले. आमची टिंगल करण्याचा हक्क या देशात सर्वांना जन्मतः मिळालेला आहे. खात्यानं पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद मला लग्नात, बारशात आणि एकदा तर तेराव्यालाही ऐकवला गेला. मी हसते. आमचं चुकलेलं लोकांच्या लक्षात राहतं आणि बरोबर आलेलं ते स्वतःच्या नशिबाच्या खात्यात जमा करतात, हे मी फार लवकर ओळखलं होतं.

लोकांना वाटतं आम्ही आभाळाकडे बघत बसतो. आभाळ आम्ही बघतो, पण आधी दाब बघतो. हवेला वजन असतं हे शाळेत सगळेच शिकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. तुमच्या डोक्यावर थेट वरपर्यंत जी हवा आहे, तिचा भार म्हणजे दाब. हवा थंड आणि जड असली की तो जास्त, तापून हलकी होऊन वर चालली की कमी. देशभरातल्या स्थानकांवर हा भार ठरल्या वेळी मोजतात. आता महाबळेश्वर उंचावर, तिथे डोक्यावर हवाच कमी. म्हणून प्रत्येकाचा आकडा हिशेबानं समुद्रसपाटीवर आणायचा, सगळ्यांना एका पंगतीत बसवायचं. मग सारख्या दाबाची गावं पेन्सिलीनं जोडत जायची. रेघा दाटीवाटीनं आल्या की तिथे वारा जोराचा, विरळ असल्या की मंद. आज हे काम संगणक करतो आणि झकास करतो. पण आमच्या वेळी पेन्सिलीपेक्षा खोडरबर जास्त लागायचं, आणि खोडता खोडता देश पाठ व्हायचा.

आणि हा देश म्हणजे मोठा नमुना आहे. हिवाळ्यात राजस्थान-पंजाबकडे थंड, जड हवा बस्तान मांडून बसते. तिथे दाब जास्त, म्हणून तिथून कोरडा वारा आपल्याकडे निघतो. उन्हाळ्यात तीच जमीन तव्यासारखी तापते आणि सगळ्या देशात कमी दाब तिथेच. समुद्र बिचारा आळशी, उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. मग समुद्रावरचा ओला वारा तिकडे धाव घेतो, त्याला आपण पावसाळा म्हणतो. त्या दिवसांत कमी दाबाची एक लांबच लांब पन्हळ राजस्थानापासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेली असते. ती खाली सरकली की मध्य भारत भिजतो, हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसली की आपल्याकडे उघडीप. उत्तरेला हिमालयाची भिंत, पश्चिमेला सह्याद्रीचा बांध, तिन्ही बाजूंनी पाणी, आणि मध्ये हा राजस्थान वर्षातून दोनदा पक्ष बदलणारा! त्याच्यामागे अख्खा देश फरफटतो.

एकदा नकाशा काढताना दख्खनच्या ऐन मध्यावर मला एक सुबक गोल कमी दाब मिळाला. शेजारच्या सगळ्या गावांत लख्ख ऊन, वारा मंद, आणि मध्येच हा खड्डा. आमचे साहेब म्हणाले, आकडा आलाय तर रेघ काढा. मी म्हटलं, काढणार नाही. खड्डा खरा असेल तर आजूबाजूचा वारा त्याच्याभोवती फिरायला हवा, इथे तर कुणाला त्याचा पत्ताच नाही. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. मी ट्रंक कॉल लावला. तिकडच्या निरीक्षकानं पुन्हा पट्टी लावून वाचलं आणि ओशाळून सांगितलं की घाईत दहाचा घोळ झाला होता. एका माणसाच्या घाईनं महाराष्ट्रात वादळ यायचं, ते राहिलं. साहेबांनी तेव्हापासून माझ्या नकाशावर न बघता सही करायला सुरुवात केली. ते मात्र मला फारसं आवडलं नव्हतं.

चौकशीच्या फोनवर तर एकाहून एक गिऱ्हाइकं. एका वरबापानं विचारलं होतं की पाऊस मुलीच्या मांडवात पडणार की आमच्या, कारण आमच्याकडे रिसेप्शन आहे. एक गृहस्थ दर पंधरवड्याला दाब विचारायचे. बऱ्याच काळानं उलगडा झाला की ते आकडा आपल्या रक्तदाबाशी ताडून बघत होते. मी त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. पुढे त्यांचा फोन आला नाही, तेव्हा मात्र उगाच काळजी वाटत राहिली.

पण या शब्दाची खरी गंमत आणि खरी धास्ती मला निवृत्त झाल्यावर कळली, तीही घरच्या घरी.

माझं माहेर वसईतल्याच गिरीज गावचं. थोरला भाऊ गेल्यापासून वाडी वहिनी सांभाळते. नारळ आहेत, भाजी आहे, पण तिचा जीव राजेळी केळ्यांत. राजेळीची सुकेळी हा आमच्या वसईचा जुना मेवा. दिवाळी उलटली, हवा कोरडी झाली की लोंगर, म्हणजे केळ्यांचे अख्खे घड, उतरवून पिकवायचे, पिकलेली केळी सोलून मांडवावर उन्हात घालायची, संध्याकाळी गोळा करून केळीच्या पानांत गुंडाळून ठेवायची, सकाळी पुन्हा ऊन. असे दिवसच्या दिवस, तोवर ती मधाच्या रंगावर येतात. साखरेचा कण घालायचा नाही. यात गोम एवढीच की पिकलेलं केळं थांबत नाही आणि सोललेलं केळं मागे घेता येत नाही. सोलल्यानंतर दमट हवा आली की त्यावर बुरशी चढते आणि सगळं मातीमोल.

मी सांगतेय त्या हिवाळ्याच्या आदल्या वर्षी नेमकं तसंच झालं होतं. अवकाळी पाऊस आला आणि वहिनीचा पूर्ण मांडव काळा पडला. मी तेव्हा लेकीकडे बंगळुरात होते. वहिनीचा मुलगा नितेश अंधेरीला बँकेत आहे. पोरगा वाईट नाही, पण आईचे हाल त्याला बघवत नाहीत. वीकेंडच्या पाहुण्यांसाठी किनाऱ्यावर राजोडीकडे जशा जागा झाल्या आहेत, तसं लॉन करायला एक जण राजेळीखालची जमीन मागत होता. नितेशनं आईला सांगून टाकलं होतं, यंदाही माल गेला तर केळी मुळासकट काढायची. वहिनी हो म्हणाली होती. ती हो म्हणाली हे त्यानं मला सांगितलं, तेव्हा मला गलबलून आलं. तिच्या सासूनं लावलेल्या मुनव्यांचा, केळीच्या त्या पहिल्या कोंबांचा, वंश होता तो. माझ्या आईनं लावलेल्या.

तर मागच्या मार्गशीर्षात एका सकाळी वहिनीचा फोन. आवाज अगदी खुशीत. लोंगर पिवळेधमक झाले होते, बायका बोलावल्या होत्या, ती सोलायला बसणार होती. मी सहज विचारलं, टीव्ही बघितलास का?

"बघितला ना बाय. समुद्रात ते कमी दाबाचं हाय ना, ते आनखी कमी होनार म्हनतात. कमी होनार तर जानारच की. म्हनून तर सोलायला घेते."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तिला म्हटलं, एकालाही हात लावू नकोस, मी येते. निवृत्तीला सहकाऱ्यांनी दिलेला घड्याळासारखा गोल दाबमापक भिंतीवर होता, तो काढला, टॉवेलात गुंडाळला आणि रिक्षा पकडली.

वहिनीचं माहेर खाडीकाठचं, भातवाल्यांचं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिच्या तोंडात ण बसलेला नाही. डोकं मात्र तल्लख. मी तिला सांगितलं की दाब आणखी कमी होणं म्हणजे संकट वाढणं. तिथली हवा हलकी होऊन वर चालली आहे, म्हणून चहूकडची ओली हवा तिकडे ओढली जाते. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग तुमी लोक उलटं कशाला बोलता? वाढलं तर वाढलं म्हना. मानसानं कमी ऐकलं तर भ्यायचं कशाला?" सबंध नोकरीत मला इतका रास्त सवाल कुणी केला नव्हता. मी कबूल केलं की बोलण्यात आम्ही कच्चे आहोत.

दाबमापक पडवीत टांगला. दुपारी वहिनी धावत आली, काटा खाली आला म्हणून. तिला समजावलं की हवेलाही भरती-ओहोटी असते. आपल्याकडे दाब सकाळी दहाच्या सुमाराला चढतो आणि दुपारी चारच्या सुमाराला उतरतो, रोज, वादळ असो नसो. खाडीचं पाणी वाढलं का हे बघायला आपण भरतीची खूण ओहोटीशी ताडून बघतो का? भरती भरतीशीच लावायची. तसा आजचा दहाचा काटा कालच्या दहाच्या काट्याशी लावायचा. खाडीकाठची बाई, तिला हे एका फटक्यात कळलं. सावंतबाईंना मी हे आजवर पटवू शकलेले नाही.

दुसरी युक्ती आमच्या साहेबांनी आम्हाला वेधशाळेच्या गच्चीवर शिकवलेली. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि डावा हात बाजूला लांब करायचा. हात जिकडे जाईल, साधारण तिकडे कमी दाब. पृथ्वी फिरते म्हणून वारा कमी दाबाकडे सरळ धावत नाही, त्याला वळसा घालतो. त्या वळशाची ही खूण. फक्त आपल्याकडे हे सकाळीच करायचं, कारण दुपारनंतर दर्यावरचा रोजचा वारा सुटतो आणि तो सगळं बिघडवतो. वहिनी वाडीत पदर खोचून उभी राहिली. वारा पूर्वेचा, तिचा हात गेला दक्षिणेला, मुंबईच्या बाजूला.

"म्हंजे ते तिकडं हाय?"

तिकडेच होतं, खूप खाली, केरळच्या समोर. दुसऱ्या दिवशी दहाला काटा कालच्यापेक्षा खाली. हात अजून मुंबईकडेच. आभाळ मळलेलं. मी म्हटलं, थांबायचं. नितेशनं रजा टाकली होती. तो मोबाइल पुढे करून म्हणाला, "आत्या, ॲपवर उद्या क्लिअर दाखवतंय. केळी फुटायला लागलीत, किती वेट करणार?" केळी खरोखरच फुटत होती. गोड वास सुटला होता आणि त्यावर माश्या. दोन-चार लोंगर शेजारच्या गोठ्यात गेले. वहिनी ते स्वतःच उचलून घेऊन गेली, आणि ते बघणं मला त्या नितेशच्या मोबाइलपेक्षा जड गेलं. दुपारी भुरभुर पाऊस झाला. नितेशनं मोबाइल खिशात घातला.

तिसऱ्या सकाळी मी पडवीत आले तेव्हा टीव्ही आतून ओरडत होता. कमी दाबाचं चक्रीवादळ झालं होतं. लाल गोळा गरगर फिरत होता, निवेदकाला धाप लागली होती. ॲपवर आता पाऊसच पाऊस. बायका आपापल्या घरी निघण्याच्या बेतात. मी काट्यासमोर बसून राहिले. दहा वाजले. काटा कालच्या दहापेक्षा वर होता. जेमतेम, पण वर. वहिनीला म्हटलं, जा, उभी राहा. तिनं पाठ केली, हात पसरला. हात मुंबईवरून सरकून राजोडीच्या पलीकडे, समुद्राकडे वळला होता.

आणि गिरीजच्या केळ्यांचा निकाल गिरीजमध्ये लागतच नव्हता. तो राजस्थानात लागत होता. सकाळीच मी खात्याच्या संकेतस्थळावर उत्तरेकडच्या स्थानकांचे आकडे बघून ठेवले होते. तिकडे दाब चढायला लागला होता, थंडीचं बस्तान पुन्हा बसत होतं. असा जड हवेचा डोंगर उत्तरेला उभा राहिला की समुद्रातलं वादळ त्यावर चढून येत नाही, पश्चिमेला अरबस्तानाकडे सरकतं. वादळ मोठं होत होतं हे खरं, पण ते मोठं होत होतं आणि निघून चाललं होतं. टीव्हीवाला पहिली अर्धी गोष्ट सांगत होता.

मी म्हटलं, "सोला."

नितेश उभाच राहिला. म्हणाला, "आत्या, काल वादळ नव्हतं तेव्हा थांबवलंत. आज सायक्लोन आलंय तर सोला म्हणता. हे गेलं तर मी लॉनवाल्याला फोन करणार, मग मला बोलू नका."

"करशील तेव्हा कर," मी म्हटलं. "आत्ता मांडवावर चटया घाल."

खरं सांगते, मला खात्री होती. शंका असती तर तोंड उघडलं नसतं. पण देशभराचा अंदाज देताना जी माणसं कधी दिसत नाहीत, त्यातलं एक माणूस इथे माझ्यासमोर हात पुसत उभं होतं. वहिनीनं नितेशकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. ती पुन्हा वाडीत गेली, वाऱ्याला पाठ देऊन एकटीच उभी राहिली आणि हात लांब केला. मग येऊन पाटावर बसली, पहिलं केळं उचललं आणि सोललं. बायका बसल्या. दुपारी पश्चिमेकडून ढगांची एक जाड फळी आली आणि पूर्ण मांडवावर सावली पडली. ते वादळाचं वरचं, लांबवर पसरलेलं पांघरूण होतं, त्यातून काही पडणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी ती सावली सरकेपर्यंत मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वारा उत्तरेकडून आला. ओठ फुटतील असा कोरडा. त्या वाऱ्याइतकं सुंदर मी नोकरीत काही बघितलं नव्हतं, कारण नोकरीत तो माझ्यासाठी फक्त नकाशावरचा एक बाण असायचा. सुकेळी मधाच्या रंगावर आली. सगळी नाही; थांबण्यात जी फुकट गेली ती गेलीच, आणि त्याची चुटपुट मला आजही आहे. बाकीची वहिनीनं केळीच्या वाळक्या सोपटांत बांधली. नितेशनं एक तोडून खाल्लं, बोटं चाटली आणि लॉनवाल्याविषयी चकार शब्द काढला नाही. पाडव्यापर्यंत बघू, एवढंच म्हणाला. मी दाबमापक परत न्यायला गेले, तर वहिनीनं त्याला गोंड्याच्या फुलांची माळ घातलेली. मी तो तिथेच ठेवला. फ्लॅटच्या भिंतीवर तो करणार तरी काय होता?

तेव्हापासून मी रोज सकाळी दहाला तिला फोन करून काटा विचारायचे. जुनी खोड, स्थानकांना विचारायची. कालचा किती, आजचा किती, हात कुठे. शेजारीपाजारी तिला विचारत, सकाळी सकाळी वाडीत हात लांब करून कुणाला बोलावतेस? ती म्हणायची, ननंदेला. माघात राजेळीचा दुसरा तोडा आला. त्याच सुमाराला उत्तरेत थंडीच्या दिवसांत पाऊस आणणाऱ्या वाऱ्यांची एक लाट उतरली आणि आपल्याकडेही आभाळ भरलं. टीव्हीवर पुन्हा गोळे फिरायला लागले. मी मनाशी ठरवलं की अजून दोन दिवस थांबायला सांगावं, म्हणून दहा वाजता फोन लावला. उचलला नितेशनं. मागे बायकांचा गलका.

म्हटलं, आईला दे. थांबा म्हणावं, मी अजून आकडे बघते आहे.

वहिनी फोनवर आली. हात चिकट असणार, कारण फोन नितेशनंच तिच्या कानाला धरलेला कळत होता.

"बाय, दाब वाढला काल सकाळीच, तुला सांगितला ना फोनवर. वारा उत्तरेचा हाय, हात पार उगवतीकडं गेला. मी कालच सोलली."

"आणि मला विचारलंही नाहीस?"

"तू तर अजून बघतेच हायस," ती म्हणाली, आणि नितेशला म्हणाली, "ठेव फोन, ऊन वाया चाललंय."